बरोबरी न मानणारे आण्णा

आण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाची कुस्ती बरोबरीत सोडवू दिली नाही. ना तांबड्या मातीतली, ना आमची. मातीतल्या कुस्त्यांचे ते निवेदक होते. आटपाडीपासून औंधापर्यंत कुठल्याही यात्रेत मैदान भरलं की माईकवर आण्णा असणार हे लोक धरूनच चालत. आमच्या कुस्त्या मात्र तोंडाच्या होत्या आणि त्यांचा विषय ऐकून शहाणी माणसं आमच्याकडे जरा काळजीने बघायची.

आम्ही भांडायचो 'सात सूर्य' या परदेशी मालिकेवर. सात सूर्यांच्या भोवती पसरलेलं एक साम्राज्य, त्याच्याविरुद्ध उठलेले लोक, त्यांची जहाजं, त्यांच्या लढाया, असा सगळा आकाशातला मामला. तिचं एक रूप अ‍ॅनिमेशनचं, म्हणजे आण्णांच्या भाषेत 'चित्रातली'. ती आधी आली. मग तीच कथा खरी माणसं घेऊन पुन्हा काढली, ती 'माणसातली'. या दोन्हींतली खरी कुठली, यावर जगभर लोक भांडतात असं ऐकतो. सांगलीत आम्ही, म्हणजे एक दंतवैद्य, काही कॉलेजवाले आणि माझ्यासारखे, दर रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भांडायचो. चहाचा गाडा शेजारीच होता, त्यामुळे घसा कोरडा पडायची भीती नव्हती.

आण्णा या नादाला कसे लागले ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी तिथे हजर होतो. मी तेव्हा मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे काढत असे. आण्णा एका मैदानात बोलता बोलता निवेदनाच्या स्टेजवरून मागे पाऊल टाकून खाली कोसळले होते. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय वजन लावून टांगलेला. वॉर्डातल्या टीव्हीचा रिमोट कधीचा हरवलेला होता आणि टीव्ही लहान मुलांच्या चॅनेलवर अडकलेला. तिथं हिंदीतून 'सात सूर्य' लागायची. पहिले काही दिवस आण्णांनी टीव्हीला शिव्या दिल्या म्हणे. मी मशीन ढकलत त्यांच्या खाटेपाशी गेलो तोवर प्रकरण पार पुढे गेलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"मशीन थांबीव जरा. तायरा दारात अडाकलीय."

तायरा ही त्यातली वैमानिक. शत्रूच्या तळाचं अजस्र दार मिटत असतं, आत हजारो कैदी अडकलेले असतात आणि ही आपलं चिमुकलं जहाज त्या दाराच्या फटीत घालून उभी राहते. शेवटची नाव बाहेर पडेपर्यंत दार धरते आणि तिथेच संपते. 'सात सूर्य' बघणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, त्याला हा प्रसंग पाठ असतो. मलाही होता. मी मशीन तसंच सोडून टीव्हीखाली उभा राहिलो. सिस्टरने येऊन आम्हा दोघांचीही खरडपट्टी काढली तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. आण्णांनी माझं नाव कधी विचारलंच नाही. मी त्यांचा 'एक्सरे' झालो तो कायमचा.

पाय बरा झाला, थोडं लंगडणं राहिलं आणि माझं ऐकून आण्णा रविवारच्या बैठकीत आले. आले ते सरळ मालकच झाले. पहिल्याच दिवशी आमचं भांडण ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "ही काय कुस्ती हाय व्हय? ही बाजारातली मारामारी झाली," म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्यांनी आखाड्याचे नियम लावले. आधी जोड ठरवायची, आणि जोड बरोबरीच्या गड्यांचीच लावायची. ज्यानं फक्त माणसातली पाहिलीय तो कुमार गटात, ज्यानं दोन्ही पाहिल्यात तो खुल्या गटात. मोबाइलवर तुकडे बघून मतं ठोकणारा इंजिनियरिंगचा एक पोरगा आला, त्याला आण्णांनी उतरूच दिलं नाही. आधी जोर-बैठका मार, मग ये, असं सांगून परत पाठवला. जोर-बैठका म्हणजे चित्रातलीचे पहिल्यापासूनचे सगळे भाग. तो पोरगा खरंच बघून आला आणि पुढे आमच्यातला भारी मल्ल निघाला.

जोड ठरली की दोघांनी जमिनीला हात लावून तो कपाळी लावायचा आणि हात मिळवायचे. मग थोडी खडाखडी, म्हणजे नुसते एकमेकांचे अंदाज घ्यायचे, मोठा मुद्दा काढायचा नाही. आवाज चढवला तर मैदानाबाहेर. आणि शेवट निकालीच. ज्याच्याकडचं बोलणं संपलं त्यानं उभं राहून "माझी पाठ टेकली" असं आपल्या तोंडाने म्हणायचं. तुमचंही बरोबर, आमचंही बरोबर, असला गुळमुळीत समझोता कुणी काढला की आण्णा भडकायचे. बरोबरी म्हणजे दोघांनाही घरी झोप नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निकाल लागला की जिंकलेल्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे. फेटा एकच होता, सगळ्यांना तोच, बांधायचा आणि चहानंतर सोडून परत द्यायचा.

या सगळ्यात एक अडचण होती. दोघे बोलत असताना आण्णा निवेदन करायचे. "दंतवैद्यांनी मुद्दा काढला, कालेजवाल्यानं मान वाकवून चुकवला, आता कालेजवाला मागं सरतोय, मंडळी, मागं सरतोय," असं चालू झालं की बोलणाऱ्याला आपलाच मुद्दा ऐकू येईनासा व्हायचा. आम्ही तक्रार केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि तिचंही निवेदन केलं.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून मी शिकलो. निकाल लागल्यावर ते पहिलं नाव हरलेल्याचं घ्यायचे. तो कुठे चांगला लढला, कुठला मुद्दा त्याचा मोलाचा होता, हे आधी सांगायचे आणि मगच जिंकलेल्याकडे वळायचे. जिंकलेल्याचं नाव हलगी सांगते, हरलेल्याचं निवेदकानं सांगायचं असतं, असं ते म्हणत. मी तर निवेदन ऐकायला मिळावं म्हणून एकदा मुद्दाम हरलोय.

घरी ते मालिका कधीही बसून बघायचे नाहीत. बसून बघतात ते पाहुणे, असं त्यांचं मत. त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी मला चहा देता देता गाऱ्हाणं सांगितलं, की साखर कारखान्यातनं रिटायर झाल्यावर माणसं देवळात बसतात, आमचे हे टीव्हीपुढं फेटा बांधून उभे राहतात. मी त्यांना धीर दिला की तिथं सांगलीतही ते उभेच असतात. त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. साताऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या या बाई पहिल्या एसटीने यायच्या. इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, पिशवीत स्वतःचा स्टीलचा कप. पूर्णपणे माणसातलीच्या बाजूच्या. आण्णा चित्रातलीचे. या दोघांची कुस्ती लागली ती तायराच्या दारावर, आणि ती काही केल्या संपेना.

चित्रातली तायरा दार धरते तेव्हा पापणीही लववत नाही. माणसातलीत तोच प्रसंग पुन्हा घेतलाय, पण तिथं ती नटी थरथरते, धापा टाकते, रडते. आण्णांना ते पटायचं नाही. त्यांनी आयुष्यभर मल्ल बघितले होते. छाती वरखाली व्हायला लागली, डोळ्यात पाणी आलं, की गडी संपला, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. "म्याडम, धापा टाकणारा गडी दार धरत न्हाई. ही नुसती सोंगं हायत," ते म्हणायचे. मॅडम कपातला चहा संपवून, कप पिशवीत ठेवून, मग उत्तर द्यायच्या.

"आण्णा, जिला भीतीच वाटत नाही, तिनं दार धरलं त्यात काय मोठंसं?"

यावर आण्णांकडे उत्तर असायचं, त्या उत्तराला मॅडमकडे उत्तर असायचं. आण्णा स्वतःच मैदानात उतरलेले म्हणून पंच मी. मला काही निकाल देता यायचा नाही. मी घुटमळलो की आण्णा म्हणायचे, राहू दे, कुस्ती चालू आहे, पुढच्या रविवारी बघू. बरोबरी असं त्यांनी एकदाही म्हणू दिलं नाही. अशी ती कुस्ती वर्षानुवर्षं चालू राहिली.

आणि मग आण्णांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्यांच्या स्वतःच्या गावच्या यात्रेत, औंधाच्या पलीकडे. शेवटची, मानाची कुस्ती चालू होती. एक मल्ल बराच वेळ खाली राहून नेटानं बचाव करत होता. त्याला बघून आण्णांना तायरा आठवली. आठवली ती आठवली, आण्णांनी माईकवर तिची कथा लावली. दार मिटतंय, नावा बाहेर पडतायत, इंजिन तापलंय. डोळे मिटून, एक हात वर करून, ते त्या दारापाशी जाऊन पोचले. इकडे खालचा मल्ल चीत झाला. पंचांनी शिट्टी मारली, हलगी वाजली, लोकांनी जिंकलेल्याला खांद्यावर घेतला, आणि आण्णा माईकवर अजून शेवटची नाव बाहेर काढत होते.

जिंकलेल्या मल्लाच्या गावचे लोक बिथरले. त्यांच्या पोराची मानाची कुस्ती, आणि निवेदकानं निकालच सांगितला नाही. म्हातारा कार्टून बघून चळला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. यात्रा कमिटीने पुढच्या साली माईक दुसऱ्या, तरुण निवेदकाला द्यायचं ठरवलं. आम्ही मंडळी तावातावाने आण्णांच्या घरी गेलो. कमिटीला जाब विचारू, असं आम्ही म्हणत होतो. आण्णा खुर्चीत बसले होते. त्यांना बसलेलं मी प्रथमच बघत होतो, हॉस्पिटलात आडवे होते ते सोडलं तर.

"त्येंनी बराबर केलं," आण्णा म्हणाले. "पाठ टेकताना ज्याला दिसली न्हाई, त्यानं माईकला हात लावू नये."

त्यानंतर ते कुठल्याच मैदानात गेले नाहीत. रविवारीही आले नाहीत. काकू फोनवर म्हणाल्या की टीव्ही बंद असतो, घर कसं खायला उठतंय, तुम्हीच काहीतरी करा. इकडे आमच्या बैठकी आता अगदी शिस्तीत होऊ लागल्या. प्रत्येकाला आपलं म्हणणं पुरतं मांडता येत होतं, मधे कुणी बोलत नव्हतं. अर्ध्या तासात आम्ही एकमेकांना कंटाळून घरी जायचो. मला त्यांची इतकी आठवण यायची की रागच यायचा.

यात्रा जवळ आली तशी मॅडमनी सांगितलं की आपण सगळ्यांनी जायचं आणि आण्णांना मैदानात नेऊन बसवायचं. माझी कुस्ती अर्धवट आहे, म्हणाल्या, आणि मला ती अशी नको आहे. आम्ही गेलो. आण्णा नाही नाही म्हणत होते, पण घरी आलेल्या बाईमाणसाला स्वतः सोबत न जाता मैदानात पाठवणं त्यांना जमेना. आले. डोक्याला फेटा नाही, खांद्यावर नुसता टॉवेल. गर्दीच्या कडेला, बांधावर, आमच्यात बसले. ओळखीचे लोक नमस्कार करत होते आणि ते मान खाली घालून घेत होते.

त्या साली मैदानात पहिल्यांदाच मुलींची कुस्ती ठेवली होती. एक कोल्हापूरकडची, उंच, भरलेल्या अंगाची. दुसरी आटपाडीची, किरकोळ. नवा निवेदक काही वाईट नव्हता. आवाज खणखणीत, नावं पाठ, लोकांना हसवत होता. पण कोल्हापूरच्या मुलीनं थोड्याच वेळात आटपाडीच्या मुलीला खाली घेतलं, कमरेचा ताबा घेतला, आणि मग काहीच घडेना. वरची उताणी पाडायला बघते, खालची मातीला चिकटून राहते. असा बराच वेळ गेला. निवेदकाचं बोलणं आटलं. तो देणगीदारांची नावं वाचू लागला. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी ओरडलं, सोडवा, बरोबरीत सोडवा. मग चारी बाजूंनी तेच सुरू झालं. पंचांनी कमिटीच्या अध्यक्षांकडे बघितलं.

माझ्या शेजारी आण्णा पुटपुटत होते. आधी मला वाटलं स्वतःशीच काही म्हणतायत. मग शब्द कळायला लागले. ते निवेदन करत होते. हलक्या आवाजात, मान पुढे काढून, डोळे त्या मुलीवर. पुढच्या ओळीतले लोक मागे वळले आणि गप्प झाले. मग त्यांच्या पुढचे. गप्प बसणं असं खाली खाली पसरत गेलं आणि नव्या निवेदकापर्यंत पोचलं. त्याने देणगीदार मधेच सोडले. त्याच्या हातात बिनवायरचा माईक होता. गर्दीतून वाट काढत तो बांधावर आला आणि आण्णांपुढे माईक धरला.

"आण्णा, तुमी बोला. मला फुडचं येत न्हाई."

आण्णांनी हात मागे घेतला. त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी नाही म्हणून मान हलवली नाही. तेवढ्यात मॅडम अगदी वर्गात बोलतात तशा म्हणाल्या, "आण्णा, तिनं दार धरलंय. बोला."

आण्णा उभे राहिले आणि त्यांनी माईक घेतला.

"मंडळी, बरोबरी कुणी म्हनू नगा. आटपाडीची पोरगी खाली हाय. खाली हाय म्हंजे हारली न्हाई. तिचं पाय बघा, थरथरत्यात. थरथरू द्या. डोळ्यांत पानी आलंय, येऊ द्या. लय धाप लागलीय, लागू द्या. पर कोपरं बघा तिची. दोन्ही कोपरं मातीत रवल्यात. तिनं अजून काय सोडलेलं न्हाई."

मी आण्णांचं निवेदन बरंच ऐकलंय, पण असं नाही. एक शब्द जास्तीचा नव्हता. तायराचं नाव त्यांनी घेतलं नाही, आकाशाकडे गेले नाहीत, डोळे मिटले नाहीत. पापणीही लववत नव्हते. सगळं मैदान त्या मुलीची कोपरं बघत होतं. घरांच्या छतांवर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. आमचा इंजिनियरिंगचा पोरगा "दार सोडू नको" असं ओरडला आणि त्याचा अर्थ न कळताच आजूबाजूचे दहाजण तेच ओरडले.

वरच्या मुलीनं ताबा बदलायला एक हात सैल केला. आण्णांचा आवाज एकदम खाली आला. "हात आला," एवढंच ते म्हणाले. खालच्या मुलीनं तो हात बगलेत दाबून धरला आणि होतं नव्हतं ते सगळं लावून खांद्यावरून अंग टाकलं. दोघी लोळल्या. धूळ उडाली.

"पाठ टेकली."

हे पंचांच्या शिट्टीच्या आधी. शिट्टी नंतर झाली, हलगी त्याच्याही नंतर. मैदानात जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. त्या गलक्यातही आण्णांनी आधी कोल्हापूरच्या मुलीचं नाव घेतलं, तिचं, तिच्या गावाचं, तिच्या वस्तादांचं, आणि तिचा ताबा कसा होता ते सांगितलं. मग आटपाडीच्या मुलीचं नाव घेतलं. ती मुलगी मातीत बसून हसत होती आणि रडत होती. मीही रडत होतो, सांगायला लाज वाटत नाही.

कमिटीचे अध्यक्ष फेटा घेऊन आले. मानाचा, जरीकाठी. आण्णांच्या डोक्याला बांधायला त्यांनी हात वर केले, तर आण्णांनी फेटा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि लंगडत मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. माईक चालूच होता, हे एक तर त्यांच्या ध्यानात नव्हतं किंवा चांगलंच ध्यानात होतं.

"म्याडम," सगळ्या गावाला ऐकू गेलं, "धापा टाकत बी दार धरता येतंय. आज बघितलं. माझी पाठ टेकली."

गावाला यातलं अक्षर कळलं नाही. कुठलं दार, कुणाची पाठ, लोक एकमेकांना विचारू लागले. आण्णांनी मॅडमच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. अंबाड्याची एक बटही ढळू न देणाऱ्या मॅडम मान खाली करून गुमान बसून होत्या. शेवटचा पीळ खोचून झाल्यावर आण्णा वळले आणि त्यांनी माईक माझ्या तोंडापुढे धरला.

"एक्सरे, पंच तू हाईस. निकाल दे."

आयुष्यात मी माईकवर बोललो नव्हतो. पण एवढी वर्षं अडकून राहिलेला शब्द होता, तो सरळ बाहेर आला.

"निकाली," मी म्हणालो.

तिकडे हलगीवाल्याला काय, निकाली म्हटलं की वाजवायचं एवढंच माहीत. त्याने कडकडाट केला. आणि कोण जिंकलं, कुणावर जिंकलं, कशासाठी जिंकलं यातलं काहीही ठाऊक नसताना अख्ख्या मैदानानं टोप्या हवेत उडवल्या.